नंतर बघू

2008 साली टाटा स्कायने ‘प्लस’ नावाचा रेकॉर्डरवाला सेट टॉप बॉक्स आणला आणि चालू कार्यक्रम मध्येच थांबवता येतो, ही बातमी आमिर खानच्या तोंडून घरोघरी पोचली. त्याच वर्षी 18 एप्रिलला आयपीएल सुरू झाली होती. दोन्ही गोष्टी कुणी ठरवून जुळवल्या नसतील, पण मराठी घरांत त्या एकमेकींच्या पथ्यावर पडल्या. संध्याकाळी आठ वाजता एका टीव्हीपुढे दोन पक्ष बसलेले असायचे, एक सामन्याचा आणि एक मालिकांचा. मालिका तेव्हा ऐन भरात होत्या. ईटीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून चालूच होती आणि पुढे तीन हजार भागांच्या पार गेली. मालिकेला शेवट नव्हता आणि सामन्याला धीर नव्हता. रिमोट कुणाच्या हातात, यावर जेवणं लांबायची.

डोंबिवलीतल्या एका घरात तंटा असाच पेटला आणि बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी रेकॉर्डरवाला बॉक्स घ्यायचं ठरवलं. बॉक्ससाठी जागा करायची तर टीव्हीखालचा व्हीसीआर हलवावा लागणार होता. तो मेहुण्याने दुबईहून आणलेला, वर क्रोशाचं कव्हर, पुढे काचेचं दार. आणि तो अजून चालू होता. 2008 च्या सुमाराला ही गोष्ट तशी जगावेगळीच म्हणायची.

कारण आपल्याकडे व्हीसीआरची जागा थेट डिजिटल रेकॉर्डरने घेतली, असं फारसं झालंच नाही. मधे व्हीसीडी येऊन गेली, डीव्हीडी आली, फुटपाथवर चकत्यांचे ढीग लागले. मुळात आपल्या बहुतेक घरांनी व्हीसीआर वापरला तो रेकॉर्डिंगसाठी नव्हेच. 1982 च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ आला, आणि तो बघायचा कसा तर भाड्याने आणून. शनिवारी रात्री व्हीसीआर, जमलंच तर रंगीत टीव्हीसुद्धा, आणि तीन-चार कॅसेटी. पहाटेपर्यंत सगळे पिक्चर उरकून सकाळी सामान परत. चाळीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढायची आणि ज्यांनी दिली नाही त्यांनीही दारात उभं राहून बघायचं. म्हणूनच इकडे व्हीसीपी खपला, म्हणजे फक्त दाखवणारा, रेकॉर्ड न करणारा, स्वस्तातला. एकच दूरदर्शन असताना ते रेकॉर्ड करणार तरी कोण? रामायण आणि महाभारताच्या वेळी अख्खी गल्ली टीव्हीपुढेच असायची, मागाहून बघण्याचा प्रश्न नव्हता. उलट दूरदर्शनवर जे मिळत नाही ते कॅसेटवर शोधलं जाई. 1988 पासून ‘न्यूजट्रॅक’ हे बातम्यांचं मासिक व्हिडिओ कॅसेटवर निघत असे आणि लोक ते लायब्ररीतून भाड्याने आणून बघत. मुंबईत वॉर्डन रोडवर 1962 मध्ये पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झालेल्या शेमारूने 1979 मध्येच कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली होती.

डोंबिवलीकर गृहस्थ या रूढीला अपवाद. ते रेकॉर्ड करत. क्रिकेट, नाटकं, टेनिसच्या फायनल, कधी एखादी गाण्याची मैफल. त्यांची एक लांबोडकी वही होती. डावीकडे कॅसेटचा नंबर, पुढे निळ्या शाईत मजकूर आणि तारीख, आणि पुसलेल्या कार्यक्रमावर पट्टीने मारलेली रेघ. बँकेतला हात, त्यामुळे खाडाखोड कुठेही नाही.

कॅसेटच्या कण्यावर डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची एक छोटी चकती असते. ती पेचकसाने मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. विचार बदलला तर त्या खळगीवर सेलोटेप चिकटवायची, कॅसेट पुन्हा कोरी समजायची. त्यांच्याकडच्या कॅसेटींवर या निर्णयांचे थर दिसत: चकती मोडलेली, त्यावर सेलोटेप, सेलोटेप अर्धी खरवडलेली. काय ठेवायचं आणि काय पुसायचं, हे दरवेळी हाताने करावं लागे, आणि म्हणून आधी दोनदा विचार होई. तीन तासांची कॅसेट म्हणजे अडीचशे मीटरच्या वर फीत. ती संपणार, हे डोळ्यांना दिसत असे. डावं रीळ बारीक, उजवं जाड.

यंत्रही बघत राहावं असं. कॅसेट आत ओढली गेली की तिची पुढची झडप उचलते, दोन खुंट्या फितीचा फास बाहेर ओढतात आणि चकचकीत ड्रमभोवती गुंडाळतात. ड्रम थोडा कलता बसवलेला असतो आणि चित्र लिहिणारं-वाचणारं डोकं, म्हणजे हेड, त्यावरच असतं. आपल्या पाल पद्धतीत तो मिनिटाला 1500 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस, एका फेऱ्यात एक चित्र. फीत मात्र सेकंदाला जेमतेम 2.34 सेंटिमीटर सरकते. फीत रमतगमत आणि डोकं भन्नाट, म्हणून चित्राच्या रेघा फितीवर तिरक्या उमटतात आणि एवढ्याशा पट्टीत एवढं मावतं. त्या डोक्यावर मळ बसला की पडद्यावर बर्फ पडायला लागायचं. मग मेकॅनिक येऊन स्पिरिटमध्ये भिजवलेला गुळगुळीत कागद लावून डोकं पुसायचा. काही जण त्यासाठी कोरी करकरीत नोट वापरत. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या दमटपणात फितीवर पांढरी बुरशी चढे आणि अशी एक कॅसेट चुकून आत गेली तर ती पुढच्या दहांना प्रसाद देऊन जाई.

छतावर डिश आली आणि रेकॉर्डिंगचं काम सोपं होण्याऐवजी अवघड झालं, हे फार कुणी सांगत नाही. साध्या केबलवर व्हीसीआर स्वतःच्या ट्यूनरने हवं ते चॅनेल धरू शके. टीव्ही एकीकडे, रेकॉर्डिंग दुसरीकडे. उपग्रहावरून येणारा सिग्नल मात्र कुलूपबंद असतो; तो उघडतो फक्त सेट टॉप बॉक्स. मग व्हीसीआरच्या ट्यूनरला काही काम उरत नाही, बॉक्स जे दाखवेल ते मुकाट्याने उतरवून घ्यायचं. म्हणजे दुपारच्या सामन्यासाठी व्हीसीआरला वेळ सांगा, बॉक्स त्या चॅनेलवर लावून ठेवा, बॉक्स चालूच राहू द्या, आणि घरातल्या सगळ्यांना बजावा की रिमोटला हात लावायचा नाही. डोंबिवलीतल्या त्या घरी रिमोट कपाटाच्या वर ठेवून गृहस्थ बाहेर जात. तरी एकदा संध्याकाळी परत येऊन बघतात तो कसोटीचं पहिलं सत्र, आणि मग एकदम ढोकळ्याची कृती.

शिवाय भारनियमन. 2005 नंतरची काही वर्षं कल्याण-डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको. वीज गेली की व्हीसीआरचं घड्याळ बारावर जाऊन उघडझाप करू लागायचं, आणि घड्याळ गेलं की टायमरही गेला. जगभर या उघडझापीवर विनोद झाले, की लोकांना घड्याळ लावता येत नाही म्हणून. इकडे घड्याळ लावून लावून माणसं थकली होती.

अमेरिकेत हे यंत्र आलं तेच मुळी मागाहून बघण्यासाठी. सोनीचं बीटामॅक्स 1975 चं, जेव्हीसीचं व्हीएचएस 1976 चं. हॉलिवुडच्या स्टुडिओंनी सोनीला कोर्टात खेचलं. चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी 1982 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे व्हीसीआरची तुलना बोस्टनच्या कुप्रसिद्ध गळादाब्या खुन्याशी केली. उलट बाजूला होते मुलांच्या कार्यक्रमाचे लाडके फ्रेड रॉजर्स. कुटुंबांना सोयीच्या वेळी आपला कार्यक्रम बघता येतो, यात त्यांना काहीच वावगं वाटत नव्हतं, आणि तशी साक्ष त्यांनी दिली. 17 जानेवारी 1984 ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने कौल दिला: घरच्या घरी, नंतर बघण्यासाठी रेकॉर्ड करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. एका मताने हुकलं असतं. आणि गंमत अशी की ज्यांचा गळा दाबला जाणार होता त्याच स्टुडिओंनी पुढे कॅसेटींवर बक्कळ पैसा केला.

पंधरा वर्षांनी, 31 मार्च 1999 रोजी, टीव्होचे पहिले डबे कॅलिफोर्नियातून बाहेर पडले. जिम बार्टन आणि माइक रॅमसे या दोघांची कंपनी. पहिली दोन मॉडेलं 14 तासांचं आणि 30 तासांचं. वरवर बघता हा फितीऐवजी हार्ड डिस्क असलेला व्हीसीआर. पण आतून स्वभाव वेगळा. व्हीसीआर सांगितल्याशिवाय काही लिहीत नाही. हा डबा सांगा न सांगा, अखंड लिहीत असतो. तुम्ही जे चॅनेल बघताय त्याचा मागचा अर्धा तास त्याच्या पोटात असतो, म्हणूनच थांबवता येतं, मागे जाता येतं. पडद्यावर ‘लाइव्ह’ म्हणून दिसतं तेसुद्धा डिस्कवर लिहून लगेच वाचलेलं. पुढल्याच वर्षी डायरेक्टीव्ही या उपग्रह सेवेसाठी टीव्होचा खास डबा आला आणि त्यात खरी मेख होती. साध्या टीव्होला आलेलं चित्र आधी आकड्यांत रूपांतरित करावं लागे, त्यात थोडी घट येई. उपग्रहावरून तर चित्र आकड्यांतच येतं. या डब्याने ते आकडे जसेच्या तसे डिस्कवर उतरवून घेतले. नक्कल आणि अस्सल यांत फरकच उरला नाही. ब्रिटनमध्ये 2001 साली स्काय प्लसने हेच केलं, 40 गिगाबाइटच्या डिस्कवर, सुमारे वीस तास.

डोंबिवलीत तंत्रज्ञ आला तो डिशपासून दोन वायरी ओढूनच. एक बघायच्या चॅनेलसाठी, एक रेकॉर्डच्या. त्याने क्रोशाचं कव्हर उचलून बाजूला ठेवलं. “काका, ह्याच्यावर काही टाकू नका, गरम होतो. रात्रीसुद्धा बंद करायचा नाही.” काकूंना दोन्ही अटी पटल्या नाहीत. उघडं यंत्र म्हणजे धूळ, आणि रात्रभर चालू म्हणजे बिल. कव्हर चार दिवसांनी परत आलं, मागच्या बाजूला दुमडून, तडजोडीचं.

तंटा मात्र मिटला. सामना बघताना मालिका उतरवून घेता येऊ लागली. वीज गेली तरी परत आल्यावर डबा आपलं वेळापत्रक स्वतःहून आठवायचा, कारण वेळ त्याला आकाशातून मिळायची. दाराची बेल वाजली, दूधवाला आला, थांबवा. खरं तर मालिकांसाठी एवढ्याची गरजही नव्हती. आपल्याकडे रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतोच. मराठी वाहिन्यांच्या पुनःप्रक्षेपणाने व्हीसीआर नसलेल्या लाखो घरांची सोय कितीतरी आधी केली होती. इकडे रेकॉर्डर घरोघरी पोचला नाही, त्याला किमतीइतकंच हेही कारण असावं.

दोन गोष्टी जमल्या नाहीत. एक पाऊस. डीटीएचच्या केयू बँडच्या लहरी मुसळधार सरींत अडतात, आणि जुलैमधल्या रेकॉर्डिंगमध्ये ऐन मोक्याला चौकोन चौकोन होऊन पडदा गोठायचा. फितीला बुरशी आणि डिशला सर. पावसाळ्याने दोघांनाही सोडलं नाही. दुसरी गोष्ट शेजार. उपग्रह 36000 किलोमीटरवर, वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, त्यात चित्र आवळण्या-सोडवण्याचे काही सेकंद. खालच्या मजल्यावर जुनी केबल. त्यामुळे विकेट पडण्याआधी ओरडा ऐकू यायचा. गृहस्थांना थांबवण्याची, मागे जाण्याची सगळी सत्ता मिळाली होती, फक्त पुढे जाता येत नव्हतं.

आणि यादी वाढत गेली. वही बंद झाली, कारण डबाच यादी दाखवायचा. पेचकसाने चकती मोडायची वेळ नाही, त्यामुळे विचार करायचीही नाही. एक बटण दाबलं की झालं. ‘नंतर बघू’ म्हणून घेतलेली नाटकं, मुलाखती, जागतिक सिनेमे डिस्कवर रांगेत उभे राहिले. डिस्क भरली की डबा सर्वांत जुनं आपोआप पुसायचा. न बघितलेलंही. घरात कुणी काही पुसलेलं नसताना गोष्टी नाहीशा होऊ लागल्या आणि कुणाला पत्ताही लागला नाही. ‘पुसू नका’ अशी खूण करता येत होती. ती त्यांनी केली फक्त एका गोष्टीवर. 2 एप्रिल 2011, वानखेडे, विश्वचषकाची फायनल.

डबा काय काय बघतो, हेही हळूहळू कळत होतं. 2004 च्या सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सनचा पोशाख निसटण्याचा जो प्रकार घडला, त्यानंतर टीव्होने जाहीर केलं की आपल्या ग्राहकांनी सर्वांत जास्त वेळा मागे नेऊन पाहिलेला क्षण हाच. अमेरिकेत अनेकांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आपण कुठे मागे गेलो, हे कुणीतरी मोजतं आहे. व्हीसीआरमध्ये असलं काही नव्हतं. फितीचा एखादा तुकडा पुन्हा पुन्हा घासून झिजला तर ते फक्त घरच्यांना कळे.

मग फायनलचं काय झालं? डबा बिघडला. कंपनीचा माणूस आला, सौजन्याने वागला, तासाभरात नवा डबा लावून गेला, जुना पिशवीत घालून घेऊन गेला. फायनल त्या पिशवीतच गेली. डिस्क काढून संगणकाला जोडता आली नसती का, असं नातवाने विचारलं. आली असती, पण उपयोग नव्हता. असे डबे रेकॉर्डिंग कुलूपबंदच साठवतात, आणि किल्ली त्याच डब्याशी आणि त्यातल्या कार्डाशी बांधलेली असते. दुसऱ्या डब्यात ते उघडत नाही. रिचार्ज संपला तर बऱ्याच डब्यांत स्वतःचंच रेकॉर्डिंग दिसेनासं होतं. नक्कल अस्सलइतकी चांगली निघू लागली तेव्हाच ती ग्राहकाच्या हाती देणं कंपन्यांना आणि वाहिन्यांना परवडेनासं झालं. फितीची नक्कल दर पिढीला फिकी व्हायची, म्हणून ती शेजाऱ्याला द्यायला कुणाचा तितका जीव जात नव्हता.

द्यायचं म्हणजे खरोखरच द्यायचं. डोंबिवलीच्या वहीत उजवीकडे एक रकाना होता: ‘कोणाकडे’. कॅसेटी वरच्या मजल्यावर जात, मुलुंडला जात, एकदा एक सांगलीपर्यंत जाऊन आली. एक परत आली ती शेजारच्या मुलाच्या मुंजीसह. खळगीवर सेलोटेप लावून कुणीतरी नाटकाच्या दुसऱ्या अंकावर मातृभोजन उतरवलं होतं. त्यावरून दोन घरांत महिनाभर बोलणं नव्हतं. डिजिटल रेकॉर्डरवरून असं भांडण होणं शक्य नाही. ते उसनं देताच येत नाही.

आणि मुळात रेकॉर्डच झालं नाही तर? 18 जून 1983 ला टनब्रिज वेल्सला कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद 175 केल्या आणि त्या डावाची चित्रफीत नाही, ही हळहळ क्रिकेटवेडे अजून करतात. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांना असं काही कायमचं निसटेल, अशी जणू सगळ्या जगाबद्दलच धास्ती होती. पूर्वी ग्रंथपाल असलेल्या या बाईंनी 1979 च्या इराणमधल्या ओलीस प्रकरणापासून टीव्हीवरच्या बातम्या चोवीस तास रेकॉर्ड करायला घेतल्या, अनेक व्हीसीआरवर एकाच वेळी, आणि 14 डिसेंबर 2012 ला मृत्यू येईपर्यंत थांबल्या नाहीत. कॅसेट सहा तासांची, त्यामुळे कुटुंबाचं बाहेर जेवायला जाणंसुद्धा कॅसेट बदलण्याच्या वेळा बघून ठरे. सुमारे 70000 कॅसेटी पुढे इंटरनेट आर्काइव्हकडे गेल्या. वाहिन्यांनी स्वतःच जपून न ठेवलेलं बरंच काही त्यांत असणार. बाईंच्या हट्टात वेडाचा अंश होता, हे मान्य. पण तेवढंच प्रक्षेपण त्यांनी भाड्याच्या उपग्रह डब्यात साठवलं असतं तर वर्गणी थांबल्यावर आर्काइव्हच्या हाती निव्वळ धातूचे खोके लागले असते.

नवे व्हीसीआर आता होत नाहीत. शेवटपर्यंत ते बनवत राहिली जपानची फुनाई, जिचे व्हीसीपी आपल्याकडेही अनेक घरांत होते. सुटे भाग मिळेनात म्हणून तिने जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. रेकॉर्डरवाल्या डब्यांचंही दिवसमान उतरलं आहे, कारण मालिका आणि सामने आता मोबाइलवर केव्हाही मिळतात, वाहिनीची मर्जी असेपर्यंत. मात्र ‘व्हीएचएस कॅसेट पेन ड्राइव्हवर करून मिळेल’ अशा पाट्या मुंबई-पुण्यात दिसतात. त्यांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातली लग्नं.

गृहस्थांनी अशाच एका दुकानात नेली ती एप्रिल 1998 ची शारजाची कॅसेट, सचिनच्या 143 धावांची. बुरशी होती, पण फीत तुटलेली नव्हती. दुकानदाराने झडप उचलून फीत उजेडात धरली, सफाईचे पैसे वेगळे पडतील म्हणाला, आणि संध्याकाळी या म्हणाला; हे काम घाईने होत नाही, तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. रेकॉर्ड करताना गृहस्थ एरवी रिमोट हातात घेऊन बसत आणि जाहिराती आल्या की पॉज दाबत. त्या रात्री वाळूचं वादळ आलं, सामना थांबला, आणि त्यांना रिमोटचं भान राहिलं नाही. त्यामुळे वादळही कॅसेटवर आहे आणि जाहिरातीही. त्या कापून देऊ का, असं दुकानदाराने विचारलं.

“छे छे, त्याच तर बघायच्यात,” गृहस्थ म्हणाले, आणि पावती करायला सांगितली.